ताप उतरला म्हणजे बरा झालास असं नाही

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू बोलता बोलता सांगून गेलास की कम्पॅनियनला, म्हणजे चर्चच्या मिशनवरच्या तुझ्या जोडीदाराला, डेंग्यूसाठी ॲडमिट केलंय आणि तू दवाखान्याच्या जिन्यातून बोलतोयस. आई तेव्हा आजीची गोळी द्यायला आत गेली होती. ती परत येईपर्यंत तू तिकडच्या प्रवासी जीपनीच्या गमतीजमती सुरू केल्या होत्यास. तुझे डोळे लाल होते. जागरणाने असतील. तिथे फिलिपिन्समध्ये पेशंटजवळ घरचं कुणीतरी बसावंच लागतं, त्याला 'बान्ताय' म्हणतात, हे तूच सांगितलंस. म्हणजे चार रात्री तू खुर्चीतच काढल्यास.

तापाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

आजीनं काल पुन्हा विचारलं, तिकडे पोराला काय म्हणून हाक मारतात. आई म्हणाली, एल्डर शिंदे. एल्डर म्हणजे वडीलधारा, हे कळल्यावर आजी हसून हसून दमली. एकोणीस वर्षांचा वडीलधारा! मला मात्र वाटलं, दोन वर्षं तुला कुणी नावानं हाक मारणार नाही, सोमवारी आम्ही मारू तेवढीच. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत तर तीही सोय नव्हती. मिशनरीला घरी फोन करायला वर्षातून दोनदाच मिळायचं, नाताळला आणि मदर्स डेला. दर आठवड्याला तुझं तोंड दिसतं, त्यात मला समाधान मानायला हवं. पण तोंड दिसतं म्हणूनच तर डोळे लाल आहेत हे कळतं.

आता ड्रमचं. पाणी रोज येत नाही म्हणून बाथरूममध्ये ड्रम भरून ठेवता आणि त्यात टाबो, म्हणजे पाण्याचा मग, तरंगत असतो, हे तू पहिल्याच महिन्यात सांगितलं होतंस. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. हिवताप विभागात जन्म काढलेल्या बापानं! डेंग्यूच्या डासाची, एडिसची, मादी अंडी थेट पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. ड्रम पुन्हा काठोकाठ भरला की पाणी अंड्यांपर्यंत चढतं आणि अळ्या बाहेर पडतात. काथ्यानं आतली कड घासायची, जोर लावून, आणि ड्रम उन्हात उपडा घालायचा. अंड्याचा डास व्हायला ८ ते १० दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा पुरे. सोमवार तुमचा कपडे धुण्याचा दिवस असतोच. ड्रममधल्या पाण्यात कपडे धुऊन टाका, मग ड्रम घासा. आपल्याकडे कोरडा दिवस पाळतात तोच. तिकडच्या आरोग्य खात्यानंही दुपारी चारला सगळ्यांनी साचलेलं पाणी शोधायचं अशी मोहीम काढलेली आहे. शेजाऱ्यांना विचार, त्यांना ठाऊक असेल. मागच्या दारी करवंट्या पडल्यात का बघ. फ्रिजच्या मागचा ट्रेही काढून बघ.

हा डास दिवसा चावतो, उजाडल्यावर दोन तास आणि मावळतीच्या आधी दोन तास सगळ्यात जास्त. सकाळी तुम्ही टेबलाशी अभ्यासाला बसता तेव्हा तो टेबलाखाली असतो. घोट्याला चावतो. मोजे आधी घालायचे आणि डीट हे डास पळवणारं औषध २० ते ३० टक्के असलेलं मलम घोट्याला, मानेला, मनगटाला लावायचं. घामानं ते निघून जातं, म्हणून दुपारी बाहेर पडताना पुन्हा. पांढरा शर्ट चांगलाच, डासाला गडद रंग आवडतो. काळी पँट तेवढी वाईट.

तारखा मोज. एकाच डासानं तुम्हा दोघांना चावलं असेल तर तुझा ताप चावल्यापासून ४ ते १० दिवसांत यायला हवा. त्याला ताप येऊन आज आठ दिवस झाले, म्हणजे ही मुदत संपत आली. पण ताप अंगात असताना तो दोन दिवस खोलीवरच होता. तेव्हा त्याला चावलेल्या डासात विषाणू तयार व्हायला ८ ते १२ दिवस जातात, आणि मग तो डास तुला चावणार. म्हणून आजपासून पुढे तीन आठवडे तू रोज सकाळी, सहा वाजून तीस मिनिटांनी उठलास की प्रार्थनेआधी ताप मोजायचा आणि डायरीत लिहायचा. लपवायचा नाही.

झालं, लिहिलंच. तू म्हणशील, बाबा भाषण देतात. देतो. माफ कर. पण तू सहावीत असताना स्नेहसंमेलनाच्या आधी दोन दिवस ताप अंगात घेऊन हिंडलास, मी कपाळाला हात लावीन म्हणून नळाखाली तोंड धुऊन यायचास, आणि आईला तुझ्या दंडावरचे लाल ठिपके तिसऱ्या दिवशी दिसले. शिवाजीची भूमिका होती ना. मिशी उतरवायला तयार नव्हतास, सलाईन लावलं तरी अर्धी मिशी तशीच. नर्स हसत होत्या आणि आई रडत होती.

ते आठवायचं कारण असं, की तो डेंग्यूच होता. डेंग्यूचे प्रकार चार. एक होऊन गेला की तो पुन्हा होत नाही, पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर पहिल्यापेक्षा जड जाण्याचा धोका वाढतो. मिशनच्या मेडिकल फॉर्मवर आपण हे लिहिलं होतं, तरी मिशन प्रेसिडेंटच्या पत्नीला तू स्वतः सांग. आजारपणाचे फोन त्याच घेतात ना?

ताप आलाच तर: पॅरासिटामॉल, फक्त पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही. ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही, डोकं कितीही ठणकलं तरी नाही. त्यांनी रक्तस्राव वाढतो. मिशनच्या तुमच्या झोनमधला, म्हणजे भागातला, कुणी अमेरिकन मुलगा आपल्या बॅगेतली गोळी देईल, पाकिटावरचं नाव वाच. ओआरएसचं पूर्ण पाकीट त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, अर्धं अर्धं करून नाही. शहाळ्याचं पाणी पी. दर चार ते सहा तासांनी लघवी होत असेल तर पाणी पुरतंय असं समज. डेंग्यूची एनएस १ ही रक्तचाचणी पहिल्या पाच दिवसांत केलेली जास्त भरवशाची. चर्चचे सभासद 'तावा-तावा' या झाडपाल्याचा काढा आणतील, आपल्याकडे पपईचा पाला आणतात तसा. प्रेमानं आणलेला, नाही म्हणू नकोस, पण दोन घोटांच्या वर नको आणि त्यानं प्लेटलेट वाढतात असं धरून बसू नकोस. आणि महिन्याचा पहिला रविवार, चर्चच्या उपासाचा, आला तरी उपास करायचा नाही. आजारी माणसाला त्यातून सूट आहे, हे तू मला शिकवायचं, मी तुला नाही.

फसगत होते ती पुढे. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, पोरगं म्हणतं बरं वाटतंय, आणि बॅग उचलून निघतं. नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास वाईट. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्त दाट होतं, दाब पडतो. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, उगाच अस्वस्थ वाटणं किंवा झोपेतून उठवत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला दवाखाना. रोहन, ताप उतरलेला दिवस हा कामाला लागायचा दिवस नाही.

मला ठाऊक आहे तुला काय खुपतं. एकजण आजारी म्हणजे दोघांचाही दिवस घरात, कम्पॅनियनला सोडून जाता येत नाही. आठवड्याच्या कामाचे आकडे कळवताना तुझ्या पुढे शून्य. ट्रान्सफरचे, म्हणजे एका बदलीपासून दुसरीपर्यंतचे, सहाच आठवडे, त्यातले दोन गेले. पण तू त्याच्या उशाशी बसलास, किल्ल्यांना लावलेल्या त्या बारक्या कुपीतलं तेल त्याच्या डोक्यावर लावून आशीर्वाद दिलास, आणि नर्सला तिकडच्या बिसाया भाषेत विचारलंस की 'हिलानात', म्हणजे ताप, किती आहे. सहा महिन्यांपूर्वी ज्याला दुकानात सुटे पैसे मागायचा संकोच वाटायचा तो. हे मी आपल्या चर्चच्या शाखेत सगळ्यांना सांगितलं. डेंग्यू वगळून सांगितलं.

खाण्याचं फार लिहीत नाही. कामुंगाय म्हणजे आपला शेवग्याचा पाला आणि मोंगो म्हणजे मूग, तेव्हा उपाशी राहणार नाहीस. आत्याकडचा विषय मिटला, पैसे आले.

येत्या सोमवारी आपल्या साडेसातला, तुझ्या दहाला फोन कर. खिडकीकडे तोंड करून बस, उजेड तोंडावर येऊ दे. तापाची डायरी कॅमेऱ्यासमोर धर, आईचं लक्ष नसताना.

तुझा,
बाबा

ता. क. ड्रमचा घेर टेपनं मोजून कळव. बारीक विणीच्या कापडाला इलॅस्टिक लावून झाकण शिवून पाठवतो. आई शिवणार आहे. तिला मी सांगितलंय की शाखेच्या स्वयंपाकघरातल्या पिठाच्या पिंपासाठी हवंय.