मॉर्मन शेजारी आणि आपली ऐकीव माहिती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथावरचा लेख वाचला. लेखकाने तीन गोष्टी ठळक केल्या आहेत. पुरुषांना अनेक बायका असतात, सगळेजण कपड्यांच्या आत काही ‘जादूचे’ अंतर्वस्त्र घालतात, आणि त्यांचा धर्मग्रंथ एका तरुणाला टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांवर सापडला. सोबत पायघोळ झगे घातलेल्या, कपाळावर केसांचा उंच फुगा काढलेल्या बायकांचे छायाचित्र. माझी लेक आणि जावई युटा राज्यात लीहाय या गावी राहतात. तिच्या पहिल्या बाळंतपणाला गेले आणि पुढे नातवंडांच्या ओढीने जातच राहिले. त्यांच्या गल्लीतली बहुतेक घरे मॉर्मन आहेत. त्यांच्याकडचे जेवले आहे, त्यांच्या बायकांशी निवांत बसून बोलले आहे, म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

आधी छायाचित्राबद्दल. तशा वेशातल्या बायका मूळ मॉर्मन चर्चपासून फुटून निघालेल्या एका मूलतत्त्ववादी गटाच्या असतात. युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर त्यांची वस्ती होती. त्यांचा म्होरक्या वॉरन जेफ्स याला अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारांबद्दल २०११ साली टेक्सासमध्ये जन्मठेप झाली. मुख्य चर्चने बहुपत्नीत्व थांबवण्याचे १८९० साली जाहीर केले, १९०४ मध्ये तो नियम आणखी कडक केला, आणि आज कोणी दुसरा संसार थाटला तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. माझ्या लेकीची समोरची शेजारीण शाळेत गणित शिकवते, जीन्स घालते, तिचा नवरा भांडी घासतो. तुमचे छायाचित्र तिला दाखवले असते तर तिला काय वाटले असते, याचा विचार मी करत राहिले.

इतिहास झाकावा असे माझे म्हणणे नाही. चर्चचा दुसरा प्रमुख ब्रिगम यंग याला पन्नासहून अधिक बायका होत्या. संस्थापक जोसेफ स्मिथनेही अनेक लग्ने केली होती, त्यातली एक वधू पंधराचीही नव्हती, हे चर्चने स्वतःच २०१४ साली आपल्या संकेतस्थळावर मान्य केले. पण याच विषयात आजच्या मॉर्मन बाईला जे बोचते ते तुमच्या लेखात कुठेच नाही. त्यांच्या टेंपलमध्ये, म्हणजे खास विधींसाठीच्या देवळात, होणारे लग्न मरणानंतरही, अनंत काळ टिकते अशी त्यांची श्रद्धा आहे. बायको वारली तर नवरा दुसऱ्या बाईशी पुन्हा असेच अनंत काळाचे लग्न करू शकतो. जिवंतपणी बाईला मात्र असे दोन पुरुषांशी बांधून घेता येत नाही. ही शेजारीण एकदा माझ्याबरोबर मेथी निवडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, “मी आधी गेले आणि याने दुसरे लग्न केले, तर वर गेल्यावर आम्ही तिघे असू का? हे मी बिशपला विचारले आहे. देवावर सोपव, असे तो म्हणाला.” बिशप म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीचा प्रमुख. ती अजूनही दर रविवारी चर्चला जाते आणि तो प्रश्नही तिच्या मनातून गेलेला नाही. बाहेरचा माणूस ‘किती बायका?’ एवढेच विचारून पुढे जातो, तिचे दुखणे त्याच्या कानावरच पडत नाही.

अंतर्वस्त्राची तर मला चीडच आली. टेंपलमध्ये दीक्षा घेतलेले प्रौढ स्त्रीपुरुष ते साधे पांढरे वस्त्र घालतात. देवाला दिलेल्या वचनाची ती आठवण. माझे सासरे माळकरी होते. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून कोणी परक्याने ‘जादूचा दोरा’ म्हटले असते तर आमच्या घरात कोणाला ते सहन झाले असते? मग तसाच शब्द आपण दुसऱ्याच्या वस्त्राला का लावतो?

बाहेरच्यांनी या लोकांना असे रंगवणे जुने आहे. शेरलॉक होम्सच्या १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत मॉर्मन म्हणजे मुलीला बळाने लग्नात ओढणारे, रात्री माणसे गायब करणारे लोक आहेत. माझ्या पिढीतल्या कित्येकांची या पंथाशी पहिली ओळख तीच. कॉनन डॉयल तेव्हा युटात गेलाच नव्हता. तो सॉल्ट लेक सिटीला गेला १९२३ मध्ये, आणि त्या लोकांनी आपले टॅबर्नॅकल सभागृह त्याच्या व्याख्यानासाठी खुले केले. शब्दांवर भागले नाही असेही झाले आहे. १८३८ साली मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना एकतर संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असा लेखी हुकूम काढला. तो रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. १८४४ मध्ये जोसेफ स्मिथला इलिनॉयमधल्या तुरुंगात घुसून जमावाने मारले. त्यानंतर हे लोक निघाले ते १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. २४ जुलैला युटात आजही सुट्टी असते, फटाके वाजतात. आपल्याकडेही ते लगेच आले होते. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला, मूठभर अनुयायी जमवले, आणि काही वर्षांत ते काम थांबले.

आता मी पाहिले ते सांगते. बाळाला घेऊन लेक दवाखान्यातून घरी आली त्याच संध्याकाळी दारात तिघीजणी उभ्या. रिलीफ सोसायटी ही त्यांची बायकांची संघटना, १८४२ पासूनची. एकीच्या हातात वही. काय खाता, काय चालत नाही, जेवायची वेळ कोणती, हे सगळे तिने लिहून घेतले. मग रोज संध्याकाळी एकेका घरातून ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये जेवण यायला लागले. त्यांचा एक बटाट्याचा प्रकार आहे : बटाट्याचा जाड कीस, चीज, सावर क्रीम, डब्यातले चिकनचे घट्ट सूप, वरून कॉर्नफ्लेक्सचा चुरा, आणि सगळे ओव्हनमध्ये. मयताच्या घरी हे हमखास नेतात म्हणून त्याला ‘फ्युनरल पोटॅटोज’ म्हणतात. आणणारी बाई नाव सांगताना ओशाळली, बाळाच्या घरी असले नाव नको म्हणून. पण मला भावली ती वेगळी गोष्ट. आम्ही शाकाहारी म्हणून तिने चिकनऐवजी मशरूमचे सूप घेतले होते, आणि त्यात कोंबडीचा अंश नाही ना हे डब्यावरचे बारीक अक्षर वाचून पाहिले होते. तो रिकामा डबाही मला दाखवायला घेऊन आली होती.

त्यांनी धर्माचा विषय काढलाच नाही असे मी म्हणणार नाही. काढला. दोन मिशनरी मुली आल्या, वीस-एकवीसच्या. मुले दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष असे काम करतात, तेही स्वतःच्या नाहीतर आईवडिलांच्या खर्चाने. पूर्वी त्यांना घरी फोन करायला वर्षातून दोनदाच मुभा होती, २०१९ पासून आठवड्याला करता येतो. मी चहा पुढे केला, त्यांनी हात जोडून नको म्हटले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. मग कोकम सरबत केले, ते दोघींनी दोनदा मागून घेतले. आम्हाला तुमचा धर्म स्वीकारायचा नाही, हे लेकीने सरळ सांगितले. तरी डबे ठरल्याप्रमाणे येत राहिले, आणि पहिला मोठा बर्फ पडला त्या पहाटे शेजारच्या गृहस्थांनी आपल्याबरोबर आमचाही ड्राइव्हवे मशीनने साफ करून दिला.

एका रविवारी मी त्यांच्या सभेला गेले. टेंपलमध्ये बाहेरच्यांना प्रवेश नसतो, पण नेहमीच्या प्रार्थनाघरात कोणीही जाऊ शकते. मागची सरकती भिंत उघडली तर पलीकडे बास्केटबॉलचे मैदान, तिथेही खुर्च्या मांडलेल्या. लहान मुलांचा एवढा गलबला की वर्गावर आल्यासारखे वाटले. बारा-तेरा वर्षांची मुले पांढरे शर्ट घालून पावाचे तुकडे आणि इवल्या पेल्यांतून पाणी फिरवत होती. बिशप आठवडाभर दातांचा दवाखाना चालवतो, चर्चकडून पगार घेत नाही. महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी दोन वेळचे जेवण सोडतात आणि त्याचे पैसे गरजूंसाठी देतात, शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा वेगळा. उपाशीपोटी माणसे उठून माइकवर मनातले बोलत होती. गुप्त, गूढ असे तिथे मला काही दिसले नाही.

त्यांच्या प्रत्येक गोष्टीवर माझा विश्वास बसला, असे कृपया समजू नये. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ जुन्या कागदपत्रांतली नावे संगणकावर चढवण्याचे काम विनामूल्य करतात. मी नाशिकची म्हटल्यावर त्यांनी उत्साहाने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या पडद्यावर उघडून दाखवल्या. हे चर्च जगभरच्या वंशावळींचे फोटो घेऊन ठेवते, त्यांची मूळ फिल्म सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात भुयार खणून जपली आहे. आमच्या त्र्यंबकच्या उपाध्यायांकडच्या नामावळीत माझ्या आजेसासऱ्यांची मोडीतली सही आहे, हे सांगितल्यावर ते खुर्चीतून उठलेच. पण हा सगळा खटाटोप ते मृतांच्या नावे बाप्तिस्मा करण्यासाठी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या वतीने जिवंत माणसाने धर्मदीक्षेचा विधी घेण्यासाठी करतात. हिटलरच्या छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंची नावेही त्यात आली होती, ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला, १९९५ मध्ये करार झाला, आणि तरी पुढे काही नावे येतच राहिली. मी त्यांना सरळ विचारले, माझ्या आजेसासऱ्यांचा बाप्तिस्मा तुम्ही कराल का? ते म्हणाले, नियम स्वतःच्या पूर्वजांपुरता आहे, आणि पलीकडचा आत्मा नको म्हणू शकतो. मी म्हटले, आमच्या माणसाला विचारायचे असेल तर आम्हाला विचारा. ते बराच वेळ विचार करत होते, मग म्हणाले, “हे तुमचे बरोबर आहे.” त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला, आणि त्या विधीबद्दलचे माझे मत मात्र तेच राहिले.

लेखात यायला हवे होते ते आणखी बरेच आहे. काळ्या पुरुषांना १९७८ पर्यंत पुरोहितपद नव्हते, स्त्रियांना आजही नाही. चर्चने आपली गुंतवणूक वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांआड ठेवली म्हणून २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या शेअर बाजार नियामकाने चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था मिळून पन्नास लाख डॉलरचा दंड केला. समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देऊ नये असा नियम २०१५ मध्ये काढला, २०१९ मध्ये मागे घेतला. त्या साडेतीन वर्षांत किती घरांत दुरावे आले असतील.

आणि सोडून गेलेल्यांचे काय होते, तेही कोणी विचारत नाही. जावयाच्या ऑफिसातल्या एका बाईने चर्च सोडले होते. तिच्या मुलीचे लग्न टेंपलमध्ये झाले तेव्हा आईला आत जाता आले नाही. कारण आत जायला चर्चचा परवाना लागतो. सकाळभर ती बाहेरच्या बागेत पर्स मांडीवर घेऊन बसली, वधूवर बाहेर आले तेव्हा फोटोत उभी राहिली. त्या काळी आधी बाहेर नागरी लग्न केले तर टेंपलच्या विधीसाठी वर्षभर थांबावे लागे, म्हणून मुलीने ते टाळले. मे २०१९ मध्ये ही अट काढली. तिला ती बातमी ऑफिसात कळली, आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडली, असे जावई सांगत होते. मुलीच्या लग्नात अंतरपाटाच्या वेळी आईला मांडवाबाहेर बसवले तर काय वाटेल, हे मराठी वाचकाला मी वेगळे सांगायला नको. ही बाई आजही तिच्या मॉर्मन शेजारणींना सर्वांत जास्त जवळची मानते. तिला पंथाविषयी विचारले तर ती अर्धा तास चांगले बोलते, अर्धा तास रागाने बोलते, आणि दोन्ही खरे असते.

युटातच स्पॅनिश फोर्क गावी राधाकृष्णाचे देऊळ आहे. ते उभे करताना आसपासच्या मॉर्मन लोकांनी हातभार लावला, आणि मार्चअखेरीस तिथे होणाऱ्या रंगोत्सवाला येणारी हजारो तरुण मुले बहुतांशी मॉर्मन विद्यापीठातली असतात. नातवाला खांद्यावर घेऊन जावई त्या गर्दीत नाचले, त्यांच्या पांढऱ्या शर्टाचा गुलाल काही केल्या निघाला नाही.

माझी आपल्याला विनंती एवढीच. एक, त्या छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करून तो गट वेगळा असल्याचे पुढच्या अंकात छापावे. दोन, या विषयावर पुन्हा लेख द्यायचा झाला तर चर्चला जाणाऱ्या एका बाईशी आणि चर्च सोडलेल्या एका बाईशी लेखकाने स्वतः बोलावे. युटात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, ओळख करून द्यायला ती आनंदाने पुढे येतील. मीही लेकीकडून निरोप पोचवू शकेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नाशिक रोड