किट बसवायच्या आधी हे वाच

फोंडा, गोवा

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवावं की कंपनीची सीएनजी गाडी घ्यावी, असं विचारलं आहेस. कंपनीचीच घे.

सिलिंडर कुणीही बसवून देईल रे, खरं काम इंजिनात असतं. गॅस कोरडा. पेट्रोलमुळे झडपांना मिळणारा गारवा त्यात नाही, म्हणून साध्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे झडपा बसतात त्या कडा, झिजतात आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, जातं. कंपन्या त्या जागी कडक धातूच्या सीट घालतात. दुसरं, एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनला, म्हणजे सीएनजीतल्या मुख्य वायूला, १७.२. हे प्रमाण जरा चुकलं तरी सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, नीट काम करत नाही. त्यात भर म्हणजे न जळलेलं मिथेन कन्व्हर्टरमध्ये जाळणं सगळ्यात अवघड. म्हणजे ज्या कमी प्रदूषणासाठी खटाटोप करायचा, तेच हातचं जातं. मारुतीने २०१० मध्ये कंपनी-फिटेड सीएनजी आणली तेव्हा एकमेकांशी बोलणारे दोन ईसीयू (इंजिन चालवणारे छोटे संगणक) दिले ते याचसाठी. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एकाच ईसीयूवर दोन्ही इंधनं चालवली. साठ लिटरच्या एका सिलिंडरऐवजी तीस-तीसचे दोन डिकीच्या तळाशी ठेवले, त्यामुळे सामानाला जागा उरली. मला ही मांडणी फार आवडते.

आता रेग्युलेटर. सिलिंडरमधला २०० बारचा दाब तो काही बारवर आणतो. गॅस एकदम पसरला की कडक गार होतो, म्हणून रेग्युलेटरमधून इंजिनचं गरम कूलंट फिरवतात. कूलंट कमी झालं की वरून दव धरतं, कधी बर्फही, आणि गाडी झटके खाते. मेकॅनिक आधी इंजेक्टर बदलायला सांगेल, तू आधी कूलंटची पातळी बघ. पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येतं, त्यामुळे गॅस फिल्टर वेळेवर बदल. प्लगही पेट्रोलपेक्षा लवकर जातात.

तुझं घर मोरजीला, खाऱ्या हवेत. सिलिंडरचे पट्टे आणि ब्रॅकेट यांवर गंज लवकर धरतो. पावसाळा संपला की गाडी वर घेऊन तपासून घे. जोडांवर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर गळती. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख प्लेटवर असते.

गॅस इंजिनात शिरताना हवेची जागा खातो, त्यामुळे ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. चार माणसं नि सामान घेऊन चोर्ला घाट चढायचा असेल तर पेट्रोलवर टाक. नाहीतरी टाकीत थोडं ताजं पेट्रोल असावंच आणि आठवड्यातून काही किलोमीटर त्यावर चालवावी, म्हणजे पेट्रोलचे इंजेक्टर चिकटत नाहीत.

कुठली गाडी ठरते ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद