चिरेखाणीवरील मुलांना शाळेत आणण्यासाठी ग्रामस्थांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या आपल्या गावातला माणूस पूर्वी मुंबईला जाऊन गिरणीत लागे, आणि त्याच्या मनीऑर्डरीवर घर तर चालेच, शिवाय देवळाची व शाळेची कामेही निघत. 1982 च्या संपानंतर तो ओघ आटत गेला. आता सावंतवाडी-दोडामार्गकडचे तरुण सकाळी दुचाकीवरून म्हापसा, थिवी, पेडण्याला कामाला जातात व रात्री घरी परततात. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर त्यात आणखी एका ठिकाणाची भर पडली.

त्यांनी सोडलेली गावातली कामे बाहेरून आलेली माणसे करतात. कलमांच्या बागा नेपाळी राखणदार सांभाळतात, तर चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, कर्नाटकातील कुटुंबे राबतात. त्यांना ऊठसूट नावे ठेवणाऱ्यांनी आपल्या घराचा चिरा कोणी काढला, हेही एकदा आठवावे.

पावसाळ्यात खाण बंद असल्याने ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास येतात आणि पाऊस लागण्यापूर्वी जातात, त्यामुळे मुलांची शाळा दोन्हीकडे बुडते. यंत्राचे पाते कातळात उतरले की तांबडा धुरळा उडतो, आणि त्याच धुरळ्यात ताडपत्रीच्या खोपीसमोर आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते. इकडे आपल्या जिल्हा परिषद शाळेचा पट मात्र इतका घटला आहे की दरवर्षी ती टिकणार की नाही, याचीच काळजी असते.

शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्यातही, हाती दाखला नसला तरी, वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि दुपारचे जेवणही शाळेतच होते. अडते ते सड्यावरच्या खाणीपासून शाळेपर्यंतच्या वाटेवर, कानडीतून मराठीत येताना, आणि मुख्य म्हणजे धाकट्या भावंडांना कोणी सांभाळायचे, या प्रश्नावर. म्हणून येत्या हंगामात मुलांसाठी रिक्षा लावण्याचे, दोन्ही भाषा बोलणारी एक मदतनीस मानधनावर नेमण्याचे आणि समाजमंदिरात दिवसाचे पाळणाघर चालविण्याचे आपल्या ग्रामविकास मंडळाने ठरविले आहे.

यासाठी मुंबईकर चाकरमान्यांनी, गोव्यात नोकरी करणाऱ्या तरुणांनी व बागायतदारांनी यथाशक्ती मदत करावी. एकरकमी देणगीपेक्षा दिवाळी ते मे अशी दरमहा थोडी रक्कम दिल्यास अधिक सोयीचे होईल, कारण रिक्षाचे भाडे व मानधन महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. खाणमालकांकडून मात्र केवळ पैसे नकोत. शाळेच्या वेळेत एकही मूल कामाला लावणार नाही, असा लेखी शब्दही हवा. वस्तुरूपाने दप्तरे, पाट्या व सतरंज्या चालतील, पण त्या नव्या असाव्यात. जुने कपडे कृपया आणू नयेत.

मंडळाच्या पावतीशिवाय कोणाच्याही हाती रक्कम देऊ नये. जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवला जाईल.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
ग्रामविकास मंडळ