जुन्या फ्लॅटबरोबर इमारतीचे कागदही दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरखरेदीविषयी वर्तमानपत्रांतून जे छापून येते, त्यात झाडांनी वेढलेल्या शांत वस्तीतील जुन्या फ्लॅटचे कौतुक हमखास असते. ते कौतुक अनाठायी नाही. अशा इमारतींतील खोल्या बहुधा ऐसपैस असतात, दोन इमारतींमध्ये मोकळे अंतर असते आणि शेजार मुरलेला असतो. मात्र असा फ्लॅट घेणाऱ्याच्या वाट्याला चार भिंतींखेरीज पाया, खांब, तुळया, गच्ची, सांडपाण्याच्या नळ्या आणि या सर्वांची थकलेली दुरुस्तीही येते. त्याला दाखवली जाते ती नव्या रंगातली बैठकीची खोली आणि खिडकीबाहेरची हिरवाई. विसार देण्यापूर्वी इमारतीचे कागदही, म्हणजे मूळ आराखडा, तपासणीचे अहवाल आणि दुरुस्तीच्या नोंदी व बिले, खरेदीदाराच्या हाती पडले पाहिजेत, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

काँक्रीट जुने होते तेव्हा आत काय घडते, हे लक्षात घेतले की या मागणीचे कारण कळते. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचे माप) १२.५ ते १३ च्या आसपास असतो आणि त्यामुळे आतल्या सळ्यांवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत राहतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याची प्रक्रिया होते, सामू उतरतो आणि तो साधारण ९ च्या खाली गेला की सळ्यांचे ते संरक्षण संपते. मग ओल मिळताच गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा व्यापत असल्यामुळे काँक्रीट आतून तडकते, स्लॅबचे पापुद्रे सुटतात आणि ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज येतो. विक्रीआधी नवा गिलावा केला किंवा फॉल्स सीलिंग बसवले की यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच अगदी चकचकीत केलेल्या जुन्या फ्लॅटकडे मी अधिक संशयाने पाहतो.

बाल्कनीचे प्रकरण तर याहून फसवे आहे. भिंतीबाहेर झेपावलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या अंगाला, म्हणजे फरशीच्या थोड्याच खाली असतात. कुंड्यांचे पाणी फरशीच्या सांध्यांतून नेमके तेथेच मुरते आणि खालून पाहणाऱ्याला स्लॅब गुळगुळीतच दिसत राहतो. अशी बाल्कनी विटांनी बंदिस्त करून खोलीत घेतली असेल, तर मूळ आराखड्यात न धरलेला भारही तिच्यावर पडलेला असतो. तो आराखडा खरेदीदाराला कोणी दाखवतच नाही, मग हा बदल त्याच्या ध्यानात यावा तरी कसा?

ज्या झाडांसाठी आपण ही वस्ती पसंत करतो, त्यांचाही हिशेब मांडायला हवा. पानगळीने गच्चीवरची पन्हळी तुंबतात, पाणी साचते आणि वॉटरप्रूफिंग लवकर निकामी होते. सावलीतल्या भिंती उशिरा वाळतात. जुन्या नळ्यांचे सांधे गळत असतील तर ओलाव्याच्या ओढीने मुळे आत शिरतात. वड-पिंपळाची रोपे तर भिंतीच्या भेगांतच रुजतात आणि ती वरवर छाटून भागत नाही. चिकण काळ्या मातीत मोठे झाड पाणी शोषून जमीन आक्रसवते हे खरे. पण म्हणून ते झाड एकाएकी तोडले, तर तीच माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि पाया उचलला जाण्याचा धोका उद्भवतो. याचा दोष झाडांना देऊ नये. दाट झाडीतल्या इमारतीला देखभाल अधिक लागते आणि ती झाली की नाही, हे केवळ नोंदींवरूनच कळू शकते.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञाकडून तपासणी, झाले आहे, एवढ्या तोंडी आश्वासनावरही विसंबू नये. रिबाउंड हॅमरची (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणाची) चाचणी काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणाच मोजते आणि वर सांगितलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रक्रियेने तोच पृष्ठभाग कठीण होत असतो. परिणामी जुन्या काँक्रीटचे आकडे प्रत्यक्षाहून चांगले दिसू शकतात. काँक्रीटचे नमुने काढून तपासले का, ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन हे रंग बदलणारे रसायन शिंपडून पाहिले का (अल्कधर्मी भाग गुलाबी होतो, सामू उतरलेला भाग रंगहीन राहतो), आणि अहवालात सुचवलेली कामे पुढे खरोखर झाली का, हे अहवाल व दुरुस्तीची बिले वाचूनच समजते. गच्ची, नळ्या, वायरिंग आणि अर्थिंग यांची कामे केव्हा झाली, दुरुस्ती निधीत शिल्लक किती आहे आणि सभासदांची थकबाकी किती, हेही त्याच कागदांत असायला हवे.

असे कागद बाहेरच्यांना दाखवता येत नाहीत, असे उत्तर सोसायट्यांच्या समित्यांकडून मिळते. विक्रेता सभासद असतो. त्याने रीतसर मागून घेऊन ते खरेदीदाराला वाचायला द्यावेत, यात कोणाचे गुपित फुटते, हे मला कळलेले नाही. ‘इमारत लवकरच पुनर्विकासाला जाणार’ या वाक्याने हा प्रश्न उडवून लावला जातो, तेव्हा तर अधिकच सावध राहावे. पुनर्विकास होईपर्यंतची वर्षे त्याच स्लॅबखाली काढायची असतात आणि तो झालाच, तर ज्या सावलीसाठी व शांततेसाठी जास्त मोल दिले, ती तशीच राहील असे करारात कुठेही लिहिलेले नसते.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. जुन्या फ्लॅटच्या विक्रीच्या जाहिरातींत इमारतीचे बांधकाम वर्ष, शेवटच्या ऑडिटचे वर्ष आणि त्याचा अहवाल पाहायला मिळेल की नाही, या तीन बाबी छापण्याची प्रथा आपण सुरू करावी. ज्या रहिवाशांनी वेळोवेळी पदरचे पैसे घालून इमारत सांभाळली आहे, त्यांची त्याला हरकत असण्याचे कारण नाही. उलट, त्या खर्चाचे मोल निदान विक्रीच्या वेळी तरी त्यांना मिळू शकेल.

आपला,
एक वाचक