फेअरहेवनच्या काकूंना

ती. काकू,
सा. न.

डिसेंबरातल्या त्या सकाळी इथे ऑस्ट्रेलियात, फेअरहेवनच्या पुळणीवर मी पोटावर सरपटत हूडेड प्लोव्हर नावाच्या एका पक्ष्याच्या मागे लागले होते. काळं डोकं, डोळ्याभोवती लाल कडं, चोच लाल आणि टोकाला काळी. आपल्याकडच्या चिखल्याचाच भाऊबंद, जेमतेम वीतभर. चार पावलं पळायचा, थांबायचा, वळून बघायचा. "जरा थांब ना रे राजा," मी म्हणाले, आणि मागून आवाज आला, "अगं, तूच थांब! आणि ओल्या वाळूवरून मागे ये."

मेलबर्नहून दोन तास गाडी हाकून आलेल्या मला तेव्हा रागच आला होता. काकू, आज तो राग आठवला की तुमचे पाय धरावेसे वाटतात.

तो पक्षी माझ्यासाठी थांबत नव्हता, मला अंड्यांपासून लांब नेत होता, हे तुम्ही सांगितलंत. मग तुमच्या दुर्बिणीतून ती अंडी दाखवलीत. भरतीच्या रेघेच्या जरा वर, वाळूतला साधा खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची तीन अंडी. मी चालले असते तर पायाखालीच आली असती. आई-बाप उठून गेले की उन्हात ती तापून आतला जीव मरतो, आणि तुम्ही हाक मारलीत तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अंडी उबवायला साधारण 28 दिवस आणि पिल्लं उडायला आणखी 35 दिवस. या पिल्लांना कुणी भरवत नाही, पहिल्या दिवसापासून स्वतःच किडे टिपायचे. माणूस किंवा मोकळा कुत्रा जवळ आला की ती दबून बसतात, आणि सुट्टीच्या दिवसांत अशी दिवसभर दबून राहिली तर उपाशी मरतात. हे सगळं तुम्ही थर्मासमधला चहा ओतता ओतता सांगितलंत, आवाज न चढवता.

नंतरचे रविवार मी तुमच्या शेजारी, अंड्यांभोवतीच्या दोरीच्या अलीकडे बसून काढले. फोटोग्राफी मी तिथे शिकले. रत्नागिरीत भगवती किल्ल्याजवळचं दीपगृह पाहत वाढलेल्या मला सूर्य समुद्रात बुडतो एवढंच ठाऊक. इथला किनारा दक्षिणेकडे तोंड करून आणि दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे जमिनीकडे! ट्वेल्व्ह अपोस्टल्सला, म्हणजे समुद्रातल्या त्या उंच खडकांच्या सुळक्यांकडे, मी जूनमध्ये गेले होते आणि सूर्य कड्यांमागे जमिनीवरच मावळला, तेव्हा नशिबाला बोल लावला होता. समुद्रावरचा सूर्यास्त हवा तर तिथे उन्हाळ्यात जावं, हे तुम्ही वाळूवर काडीने दिशा काढून समजावलंत.

स्प्लिट पॉइंटच्या दीपगृहाचंही तसंच. 1891 चं, 34 मीटर उंच, इथले लोक त्याला 'पांढरी राणी' म्हणतात. फेअरहेवनहून ते पूर्वेला दिसतं, म्हणून सकाळी काळपट येतं आणि संध्याकाळी उजळतं. चौकटभर पांढरा मनोरा असला की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसून तो राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर वाढवायचं. आणि प्लोव्हर टिपताना उलट, काळं डोकं पाहून मीटर भुलतो, छातीचं पांढरं जळू द्यायचं नाही. कुठल्याही क्लासात मला हे इतकं नीट उमगलं नव्हतं.

फोटोमागे तारीख आणि जागा लिहायची सवयही तुमचीच. तुमच्याकडचा 1989 चा लंडन ब्रिजचा, म्हणजे इथल्या किनाऱ्यावरच्या त्या कमानीदार खडकाचा, प्रिंट पाहिला तेव्हा ती पटली. त्यात दोन्ही कमानी आहेत. जमिनीला जोडणारी कमान 15 जानेवारी 1990 ला कोसळली आणि पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. नागपूरहून येऊन तुम्हाला वर्ष-दीड वर्ष झालं होतं. समुद्र नवा, कॅमेरा नवा, तरी तुम्ही पाठीमागे पेन्सिलीने सगळं टिपून ठेवलंत.

तीनपैकी एकच पिल्लू जगलं. फेब्रुवारीअखेर तुमचा फोन आला, "उडालं गं!" मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, तिथेच रडले. त्या शनिवारी संध्याकाळी दोरीच्या अलीकडूनच 400 मिलिमीटरच्या लेन्सने काढलेला फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. पिल्लू चौकटीत बोटाच्या पेराएवढं, मागे धूसर पांढरी राणी. आईला पाठवला तर तिने लगेच वेळासच्या कासवांची आठवण काढली. तिथेही गावकरी अंडी राखतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. "तुझ्या त्या काकूंना नमस्कार सांग," म्हणाली. तो या पत्रातून पोचवते.

काकू, सप्टेंबरच्या शेवटी पोर्ट फेअरीला ग्रिफिथ्स बेटावर मटनबर्ड नावाचे समुद्रपक्षी परततात. पार उत्तर पॅसिफिकमधून हजारो किलोमीटर उडून पुन्हा आपापल्या बिळाशी. त्या बेटाच्या टोकाला 1859 चं बुटकं दगडी दीपगृह आहे. अंधार पडता पडता थवे समुद्रावरून आत येतात तेव्हा मला तुमच्या शेजारी बसायचंय. फ्लॅश आणणार नाही. गाडी मी चालवेन, चहाही मीच आणेन.

तुमची,
वाळूवर सरपटणारी रत्नागिरीची मुलगी