पहिली धार आणि करवंटीचा कोळसा

ऑकलंड,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,

कार्बनमधून, म्हणजे वास शोषणाऱ्या खास कोळशातून, काढली की घरची दारू सुधारते का, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी घाईत 'हो' म्हणून मोकळा झालो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज नीट लिहितो.

माझ्या तिसऱ्या घाण्याचं तुला कधी सांगितलं नाही. साखरेचं पाणी, झटपट आंबवणारं यीस्ट आणि गॅरेजमध्ये भर उन्हाळा. पिंप हाताला गरम लागत होतं तरी मी दुर्लक्ष केलं. जी दारू उतरली तिला नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा वास. म्हटलं, कार्बन आहे ना! करवंटीचा दाणेदार कार्बन काळं पाणी यायचं थांबेपर्यंत उकळत्या पाण्याने धुतला, स्टीलच्या उंच नळीत भरला, दारूत पाणी घालून ती ४० टक्क्यांवर आणली आणि रात्रभर थेंबथेंब सोडली. सकाळी ओल्या पुठ्ठ्यासारखा जो वास मागे रेंगाळायचा तो गेला होता, घसाही कमी खरवडत होता. पण नाकात झोंबणारं होतं ते तसंच.

कारण कार्बन चाळणीसारखं काम करत नाही. एका ग्रॅम कार्बनमधल्या बारीक भोकांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे जवळपास दहा गुंठे, आणि पदार्थ त्याला चिकटून बसतात. शेवटच्या धारेतली जड, तेलकट अल्कोहोलं चांगली चिकटतात. अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखे झोंबणारे छोटे रेणू बरेचसे निसटतात. पाणी आधी घालायचं तेही यासाठीच: कडक दारू त्या तेलांना स्वतःतच विरघळवून ठेवते, कार्बनच्या हाती लागू देत नाही.

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून कौतुक करतात ना, तीच पहिली धार इथे ओतून द्यायची. झोंबणारं बहुतेक तिच्यात असतं. छोट्या बरण्यांत धार वेगवेगळी धर, दुसऱ्या दिवशी पाणी घालून एकेकीचा वास घे आणि फक्त मधल्या ठेव. हे जमलं की कार्बन शेवटचा हात फिरवण्यापुरता लागतो. माझे गेले दोन घाणे मी त्याच्याशिवायच काढले.

मेथॅनॉलचं, म्हणजे विषारी अल्कोहोलचं, मात्र गंभीरपणे सांगतो. कार्बन ते अडवत नाही. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती दारूत मिसळलेल्या मेथॅनॉलने, आणि तसली दारू कुठल्याही कोळशाने पिण्याजोगी होत नाही. साखरेच्या आंबवणात ते जवळजवळ तयारच होत नाही, ते फळांतल्या पेक्टिन नावाच्या घटकातून येतं. म्हणून तू साखरच वापर, आणि भट्टी चालू असताना तिथून हलू नकोस. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून घरापुरती दारू गाळायची मुभा आहे. भारतातल्यासारखं चोरून, घाईघाईत काही करावं लागत नाही, तर त्याचा फायदा घे.

शनिवारी येतोच आहेस, तर मधल्या बरण्यांतली एक बाटली कार्बन न लावता आण. माझीही तशीच काढून ठेवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दिन्या