शिस्त रक्तात असते म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी लेख आला होता. स्कॉलरशिपची माहिती चांगली होती, तक्रार नाही, पण त्यातलं एक वाक्य काही डोक्यातून जाईना. जर्मन माणसाच्या रक्तातच शिस्त असते म्हणे. मी २०२५ च्या जुलैत तीन आठवडे जर्मनीत हायडेलबर्गला समर कोर्सला होते. तीन आठवड्यांत देश कळला असं मी म्हणत नाही, पण रोजचा बाजार केला, कचरा टाकला, ट्रॅमने हिंडले, आणि मला ते रक्तबिक्त काही दिसलं नाही, दिसले ते २५ सेंट.

बाटलीचं सांगते. तिकडे पाण्याची नाहीतर कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घेतली की बिलात बाटलीचे वेगळे २५ सेंट लागतात, त्याला प्फांड म्हणतात, बाटली परत केली की पैसे परत. सुपरमार्केटमध्ये त्याचं मशीन असतं, भिंतीत एक गोल भोक, त्यात बाटली आडवी सरकवायची, ती आत गरागरा फिरते, मशीन लेबल वाचतं आणि बाटली गिळतं, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची. आता मला हे मशीन कसं चालतं ते कुठे माहीत, मी आपल्या चांगल्या सवयीने बाटल्या चुरगाळून, चपट्या करून पिशवीत भरत होते. सात झाल्या तेव्हा घेऊन गेले आणि मशीनने सातही परत ओकल्या. मागे लाइन लागलेली. मला वाटलं आता कुणीतरी ओरडणार, पण मागच्या आजोबांनी काही न बोलता एक बाटली घेतली, तोंड लावून फुंकून फुगवली, लेबलावरचा बारकोड अंगठ्याने घासून सपाट केला आणि सरकवली, घेतली की मशीनने! मग उरलेल्या सहा मी फुगवल्या, लाल तोंड करून, त्यातल्या चार गेल्या. सव्वा युरो मिळाला. त्या दिवसापासून मी एकही बाटली चुरगाळली नाही की टाकली नाही, आणि माझ्या रक्तात काही फरक पडला असेल असं वाटत नाही.

याचीच दुसरी बाजू नेकार नदीच्या काठावर दिसते. जुलैत तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो, हिरवळीवर पोरंपोरी बिअर घेऊन बसलेली असतात आणि त्यांच्यामधून एक म्हातारी बाई मोठी पिशवी घेऊन रिकाम्या बाटल्या गोळा करत फिरायची. बिअरच्या काचेच्या बाटलीला तर ८ सेंटच मिळतात. पोरं जाताना बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याच्या बाजूला उभी ठेवतात, म्हणजे त्या बाईला घाणीत हात घालायला लागू नये. मला आधी वाटलं हे आळशीपणे बाहेर ठेवून जातायत, वर्गातल्या एकाने सांगितलं तेव्हा कळलं. तो काठ सकाळी चकाचक दिसतो त्यात त्या बाईचाही हात आहे, तिला म्हातारपणी हे का करावं लागतं तो प्रश्न वेगळाच, पण लेख लिहिणाऱ्यांनी तिकडेही बघावं.

वेळेचं म्हणाल तर मी पहिल्या दिवशी नऊ पन्नासला वर्गात जाऊन बसले, दहाचं लेक्चर होतं. सव्वादहापर्यंत मी आणि प्रोजेक्टर. टाइमटेबलात दहाच्या पुढे 'सी. टी.' असं लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ पंधरा मिनिटांनी सुरू, ही त्यांच्या युनिव्हर्सिट्यांची जुनी पद्धत आहे. लेक्चर संपल्यावर सगळे एकदम बाकावर टकटक करायला लागले, मी दचकलेच, म्हणलं चिडले की काय सरांवर. तर त्या त्यांच्या टाळ्या! आणि रेल्वेचं तर विचारूच नका, लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये जेमतेम ६२ टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. ट्रॅमला गेट नसतं, कुणी अडवत नाही, तरी सगळे तिकीट काढतात, कारण चेकर साध्या कपड्यात शेजारीच उभा असू शकतो आणि दंड ६० युरो.

रक्ताच्याच गोष्टी करायच्या तर हायडेलबर्गची युनिव्हर्सिटी १३८६ ची, आणि तिथे विद्यार्थ्यांसाठी खास तुरुंग होता, १९१४ पर्यंत चालू होता. रात्री गोंधळ घातला, दारू पिऊन धिंगाणा केला की काही दिवस आत. आता तो तिकीट काढून बघता येतो. भिंती छतापर्यंत रंगवलेल्या, काजळीने काढलेली स्वतःची चित्रं, नावं, तारखा, जागा शिल्लक ठेवलेली नाही पोरांनी. लेक्चरला जायला त्यांना बाहेर सोडायचे म्हणे. मी तिथे तासभर होते, कोर्समधलं इतर काही इतकं लक्षात नाही राहिलं. हो, एक राहिलं, तिथली साउथ एशिया इन्स्टिट्यूट. आपल्या धनगरांबरोबर हिंडून खंडोबा-बिरोबाचा अभ्यास करणारे सोंथायमर तिथलेच प्राध्यापक होते. तिथल्या लायब्ररीत मराठी पुस्तकांची रांग बघून मला उगाचच भरून आलं, असो.

तर संपादकसाहेब, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा रक्ताऐवजी रविवारचं सांगा. रविवारी दुकानं बंद असतात, जवळजवळ सगळी, मी शनिवारी रात्री उशिरा पोचले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॅगेतल्या चिवड्यावर होते, मग कुणीतरी सांगितलं की स्टेशनवरची दुकानं उघडी असतात. काचेच्या बाटल्या मोठ्या डब्यात रविवारी टाकायच्या नसतात, खळ्ळकन आवाज होतो म्हणून, यावरून मला होस्टेलच्या केअरटेकरने दारावर चिठ्ठी लावली होती, तीन उद्गारचिन्हं देऊन. नळाचं पाणी पिता येतं, मग बाटल्यांची भानगडच नको, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं.

आपली,
एक विद्यार्थिनी

ता.क. देशभर चालणारा बस-ट्रॅम-लोकलचा महिन्याचा पास काढला तर तो आपोआप पुढच्या महिन्यातही चालू राहतो, आधीच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कॅन्सल करावा लागतो. माझ्या रूममेटचे ऑगस्टचे ५८ युरो गेले, तेव्हा ती घरी येऊन झोपा काढत होती.